झिजणारा गिलावा

गेल्या शिमग्याला आमच्या गावच्या देवळात गावकीची बैठक बसली ती साडेतीन तास चालली. विषय एकच होता: देवळाच्या पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा ढपल्याढपल्यांनी सुटतो आहे, त्याचं काय करायचं. देऊळ देवगड तालुक्यातलं. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांच्या, चिरे मातीत बसवलेले, वर चुन्याचा गिलावा आणि त्याच्यावर गेल्या काही दशकांत चढलेले ऑइलपेंटचे थर. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांपैकी निम्म्यांचं म्हणणं असं की सगळं खरवडून सिमेंटचा दणदणीत गिलावा मारा, खाली कमरेएवढ्या टाइल्स लावा, म्हणजे पुढची पन्नास वर्षं बघायला नको. उरलेल्या निम्म्यांनी मोबाइलवरच्या चित्रफितींच्या जोरावर चुना, गूळ आणि बेलफळ असा जप लावला होता. त्यांच्या मते सिमेंट म्हणजे साहेबानं आणलेलं विष. गावात बारा महिने राहणाऱ्यांना दोन्ही बाजूंनी फारसं विचारलं नाही. एक आजोबा तेवढे बोलले, "चुनो आता पानाक लावूक तरी गावता काय?" सगळे हसले आणि बैठक वर्गणीकडे वळली.

त्या साडेतीन तासांत एकानेही उठून भिंतीला हात लावला नाही, हे मला खटकलं. बोटाच्या पेरानं ठकठक केली असती तर गिलावा कुठे पोकळ वाजतो आणि कुठे अजून धरून आहे, हे पाच मिनिटांत कळलं असतं. पण वाद जुनं की नवं, संस्कृती की विकास, असा लागला होता, आणि असा वाद लागला की भिंत ऐकू येत नाही. माझं म्हणणं आधीच सांगतो. गिलावा कशाचा करायचा, हे भिंत कशाची आहे त्यावर ठरवायचं. तो भिंतीपेक्षा कमजोर असायला हवा. आणि कोकणात तरी तो झिजण्यासाठीच लावायचा असतो. मातीत किंवा चुन्यात बसवलेल्या चिऱ्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारणं ही चूक आहे. सिमेंटमध्ये बांधलेल्या नव्या घराला चुन्याचाच गिलावा हवा असा हट्ट धरणं ही हौस आहे. हौसेला मोल नाही म्हणतात, पण ती दुसऱ्याच्या वर्गणीतून करू नये.

आपला जांभा हा विचित्र दगड आहे. खाणीत असताना मऊ, कुऱ्हाडीनं सुद्धा तासता येतो. हवा लागली की कडक होतो. फ्रान्सिस बुकॅनन या इंग्रज कंपनीच्या डॉक्टरानं १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात मलबारातल्या या दगडाला 'लॅटराइट' म्हटलं, ते विटेला असलेल्या लॅटिन शब्दावरून, कारण तिथले लोक तो विटेसारखाच कापून वापरत होते. हा दगड भोकाभोकांचा असतो आणि पाणी पितो. आपल्याकडे पावसाळ्याच्या चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि नैऋत्येच्या वाऱ्यानं तो आडवा येऊन पश्चिमेच्या भिंतीवर आपटतो. वरून पागोळ्या, खालून जोत्यातून चढणारी ओल, समोरून झड. भिंतीत पाणी शिरू नये असा बंदोबस्त कोकणात कोणाच्या बापाला जमलेला नाही. शिरलेलं पाणी बाहेर कुठून जाणार, एवढंच आपल्या हातात असतं.

चुन्याची बाजू घेणारे इथे 'भिंत श्वास घेते' असं म्हणतात. मला हे वाक्य आवडत नाही. भिंत श्वासबीस काही घेत नाही, आणि असलं काव्य ऐकून समोरचा हिशेबी माणूस वैतागतो ते बरोबरच आहे. माझ्या माहितीतला एक म्हातारा गवंडी हीच गोष्ट जास्त नेमकी सांगायचा: "भिंत न्हाता, मगे तिका सुकूक नको?" चुन्याच्या गिलाव्यातून पाणी जितक्या सहज आत येतं तितक्याच सहज वाफ होऊन बाहेर जातं. सिमेंटचा गिलावा घट्ट असतो. तो पाणी अडवतो हे खरं, पण सुकताना आकसतो आणि त्याला केसाएवढ्या भेगा जातात. मातीत बसवलेली भिंत ऋतूमानाप्रमाणे जराशी हलते, तिच्याबरोबर तो वाकत नाही, मग आणखी भेगा जातात. त्या भेगांतून पाणी ओढलं जातं आणि बाहेर पडायची वाट बंद. मग ओल वर चढते, आतल्या बाजूला फुटते, चिऱ्यांमधल्या मातीचा चिखल होतो. दिवाळीनंतर भिंत सुकू लागली की पाण्यातले क्षार गिलाव्याच्या पाठीमागे स्फटिक होऊन फुगतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. समुद्राजवळच्या घरात तर हवेतूनच खार येतो. फुगलेला क्षार सिमेंटला ढकलतो, सिमेंट जागचं हलत नाही, आणि मग मऊ चिराच फुटतो. गिलावा पडतो तेव्हा त्याच्या पाठीला चिऱ्याचा अर्धा इंच पापुद्रा चिकटलेला असतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पंधरा वर्षांपूर्वी आमच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीला मीच सिमेंटचा गिलावा करून घेतला. गवंड्याचा यात दोष नव्हता. "भक्कम कर" असं मीच सांगितलं होतं आणि त्यानं एकास तीन, म्हणजे एक भाग सिमेंटला तीन भाग वाळू, असा माल कालवून भक्कम केला. पहिल्या पावसाळ्यात भिंत कोरडी दिसली. मी तीन-चार जणांना बोलावून दाखवलीसुद्धा. तिसऱ्या पावसाळ्यात आतल्या खोलीत जमिनीपासून छातीपर्यंत ओल आली, जी आधी कधी गुडघ्याच्या वर गेली नव्हती. मी बाहेरून पाणी न शिरू देणारा रंग मारला. मग ओल डोक्यापर्यंत गेली. आजारी माणसाला घाम येऊ नये म्हणून गोधड्यांत गुंडाळावं, तसा तो उपचार होता. सहाव्या वर्षी गिलावा उतरवायला घेतला तेव्हा छिन्नीच्या प्रत्येक घावाला चिरा गिलाव्याबरोबर येत होता.

ही चूक करणारे आपणच पहिले आहोत, असंही नाही. अजिंठ्याची चित्रं टिकावीत म्हणून निजाम सरकारनं १९२० साली इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी चित्रांवर शेलॅक म्हणजे लाखेचा लेप चढवला. हेतू चांगला होता, माणसं आपल्या कामात निष्णात होती. लेप काळवंडला, पिवळा पडला, रंग त्याच्याखाली दडले आणि पुढच्या पिढ्यांचं निम्मं काम तो लेप काढण्याचं झालं. अथेन्सच्या अक्रोपोलिस या प्राचीन देवळांच्या टेकडीवर निकोलाओस बालानोस या अभियंत्यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत पडलेले संगमरवरी खांब लोखंडी पट्ट्यांनी जोडले. प्राचीन ग्रीकांनीही लोखंड वापरलं होतं, पण शिशात गुंडाळून. बालानोसनं शिसं गाळलं. लोखंड गंजलं, फुगलं आणि त्यानं संगमरवर आतून फोडला. दोन्ही ठिकाणी मऊ वस्तूला कडक वस्तूनं कायमचं बांधून टाकण्याची घाई झाली होती. आमच्या बैठकीत 'पन्नास वर्षं बघायला नको' हे वाक्य आलं तेव्हा मला तीच घाई ऐकू आली.

याच्या उलट टोकाची चूकही आपल्या किनाऱ्यावरच पाहायला मिळते. जुन्या गोव्यातलं बॉम जेझुस चर्च, १६०५ साली पवित्र केलेलं, चिऱ्याचं आणि वर चुन्याचा गिलावा असलेलं होतं. १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार कास्त्रो याच्या देखरेखीखाली तो गिलावा काढून टाकला गेला. लाल उघडा चिरा जास्त प्राचीन, जास्त भव्य दिसतो, असा विचार असावा. तेव्हापासून पाऊस थेट चिऱ्यावर पडतो आहे, चिरा झिजतो आहे आणि अलीकडे गिलावा पुन्हा लावा अशी मागणी होते आहे. पण आता लोकांना लाल चर्चचीच सवय झाली आहे. पांढरं केलं तर वारसा बिघडला म्हणून ओरड होईल. आज मालवण, वेंगुर्ले, गुहागर भागात पर्यटकांसाठी सजवलेल्या घरांचा गिलावा खरवडून चिरा उघडा करण्याची जी टूम निघाली आहे, ती करणाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन चिऱ्याच्या कडांवरून बोट फिरवून यावं. काही जण वर चकाकणारं पॉलिशही मारतात. म्हणजे गिलाव्याचं संरक्षण गेलं आणि सुकायची वाटही बुजली.

आता दुसऱ्या बाजूचं बळ. ते थोडं नाही. पहिली गोष्ट, चुन्याचे गोडवे गाणाऱ्यांपैकी किती जणांनी आयुष्यात एकदा तरी भिंत सारवली किंवा चुना काढला आहे? माझ्या आईनं दरवर्षी गणपतीआधी पडवीपासून माजघरापर्यंत चुना काढला. बोटांची कातडी सोलवटायची. पावसाआधी पश्चिमेला माडाची झापं बांधायची, ती आधी विणायची, दिवाळीला सोडायची. या सगळ्याला परंपरा म्हणणारे बहुधा ओसरीवर चहा पीत असत. सिमेंट आलं तेव्हा घरातल्या बायकांनी सुटकेचा श्वास सोडला असेल तर तो त्यांचा हक्क होता. दुसरी गोष्ट, पक्क्या घराला मान आहे. ज्यांची कुडाची घरं पिढ्यानपिढ्या पावसात गळली, त्यांना मातीचुन्याचं सौंदर्य शिकवायला जाणं हा उद्धटपणा आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळलं तेव्हा रायगडात आणि दापोली-मंडणगडात कौलारू घरांची काय दशा झाली, ते ज्यांनी पाहिलं त्यांना स्लॅबच हवासा वाटला तर त्यात आश्चर्य काय? तिसरी गोष्ट म्हणजे माणसं. चुना मळणारा, त्याचा कस बोटांनी ओळखणारा गवंडी आता पंचक्रोशीत शोधावा लागतो. खाडीकाठच्या शिंपल्यांच्या भट्ट्या विझल्या. मुंबईत चुनाभट्टी हे नुसतं रेल्वे स्टेशनचं नाव उरलं आहे. दुकानात पोत्यातून मिळते ती फक्की रंगकामाची. ती वाळूत कालवून गिलावा केला तर पहिल्याच पावसात वाहून जाईल आणि मग चुन्याचं नाव बदनाम होईल. शिवाय चुनकळी, म्हणजे भाजलेली चुनखडी, पाण्यात टाकली की उकळते, उडते. डोळ्यात गेली तर दृष्टी जाते. हे काम खेळ म्हणून करायचं नाही.

हे सगळं मान्य करूनही मी माझ्या जागेवरून हलत नाही. बायकांच्या कष्टांचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे, म्हणून तोच आधी घेतो. आठवड्याला जमीन सारवणं आणि वर्षातून एकदा भिंतीला चुना काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. सिमेंटच्या बाजूनं बोलताना ती सोयीनं एकत्र केली जातात. फरशी आल्यानं पहिलं गेलं, ते उत्तमच झालं. पण सिमेंटच्या गिलाव्यानं दुसरं गेलं का? भाद्रपदात भिंतीवरचे पोपडे कोण खरवडतं, ओलीला लागलेलं कपाट कोण पुढे ओढतं, बुरशी आलेल्या साड्या कोण उन्हात टाकतं? काम तेच राहिलं. फरक एवढाच की आधी त्याला सण होता, आता नुसती चिडचिड आहे. कष्ट घरात कोणी वाटून घ्यायचे हा वाद जरूर घालू, पण तो भिंतीच्या अंगावर काढण्यात अर्थ नाही.

वादळाचं म्हणाल तर निसर्गनं उडवली ती छपरं. गिलावा भिंत धरून ठेवत नसतो. ज्या घराची कौलं आणि वासे उडाले त्याच्या भिंतीला सिमेंट फासलं असतं तरी ते उडालेच असते. छपराचा उपाय छपराला करायचा. आणि स्लॅबचं गुणगान करणाऱ्यांनी कधी गावावरून नजर टाकली आहे का? कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक स्लॅबच्या घरावर आज पत्र्याची शेड आहे. पक्कं घर बांधलं, ते गळू लागलं, आणि शेवटी त्याच्या डोक्यावर उतरतं छप्पर बसवलं. आपल्या आजोबांना हे ठाऊक होतं. त्यांनी वळचण हात-दीड हात बाहेर काढली होती, म्हणून त्यांचा चुन्याचा गिलावा टिकला. गिलाव्याचं निम्मं आयुष्य वळचणीत असतं, हे दोन्ही पक्षांच्या तोंडून मी कधी ऐकलेलं नाही.

कारागीर नाहीत, हे कारण म्हणून पुढे करणं सोपं आहे. पण कारागीर मागणीमागे येतात. २०२५ साली युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले, त्यात खांदेरी, रायगड, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे आपल्या कोकणातले आहेत. गावोगाव पेढे वाटले. सिंधुदुर्गावर महाराजांच्या हाताचा आणि पायाचा म्हणून जो ठसा आपण डोकं टेकवून पाहतो, तो कशात उमटलेला आहे? चुन्यात. १६६४ साली सुरू झालेल्या त्या कामाला साडेतीनशेहून जास्त पावसाळे होऊन गेले, तेही भर समुद्रात. असल्या किल्ल्यांची डागडुजी करायची तर चुनाच लागतो आणि तिथे काम करणारे हात आजही आहेत. गडावरच्या चुन्यापुढे नतमस्तक व्हायचं आणि गावच्या देवळाचा चुना मागासलेला म्हणून खरवडायचा, हे मला जमत नाही.

तरीही इतिहासाच्या नावानं चुन्याला जादू समजू नये. चुन्याचं शास्त्र साधं आहे. शिंपला किंवा चुनखडी ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजली की चुनकळी होते, पाण्यात विझवली की चुना होतो, आणि तो भिंतीवर लागल्यावर हवेतला कर्बवायू सावकाश शोषून पुन्हा दगड होतो. सावकाश, हा त्यातला महत्त्वाचा शब्द. गूळ, हिरडा, बेलफळ यांना आपापलं काम असेल, पण वेळ न देता नुसता गूळ घालून होणारा गिलावा मुंग्यांना आवडेल. सिमेंटचं उलट आहे. जोसेफ अ‍ॅस्पडिन यानं १८२४ साली लीड्समध्ये पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं, आणि त्या वस्तूचा सगळा दिमाख ती लवकर धरते यात आहे. घाईच्या कामाला, पुलाला, धक्क्याला, स्लॅबला ती हवीच. दोन्ही मालांना आपली जागा आहे, हे आपल्या सरकारी मानकांनाही मान्य आहे: भारतीय मानक क्रमांक १६६१ मध्ये सिमेंटच्या आणि सिमेंट-चुन्याच्या गिलाव्याचे नियम आहेत, क्रमांक २३९४ मध्ये नुसत्या चुन्याच्या गिलाव्याचे. भांडण फक्त आपल्या बैठकीत आहे.

सिमेंटच्या घरांबद्दलही बोललं पाहिजे, कारण आज कोकणात बांधली जाणारी बहुतेक घरं तीच आहेत आणि त्यांचे गिलावे सिमेंटमुळे कमी, मे महिन्यामुळे जास्त फुटतात. चाकरमान्याला रजा मिळते मे महिन्यात. नेमक्या त्याच महिन्यात विहिरी तळाला जातात. गिलाव्याला निदान सात दिवस पाणी मारायला हवं. प्यायला टँकर येतो तिथे भिंतीला कोण पाणी मारणार? बिगारी सकाळी एकदा पाइप फिरवतो, दुपारच्या उन्हात भिंत तापून कोरडी होते, सगळीकडे जाळीदार भेगा पडतात. तोवर सात जून येतो आणि कच्च्या गिलाव्यावर पहिली झड बसते. त्यात वाळू खाडीची, न धुतलेली, म्हणजे खार घरातच मुरवला. त्यात मालकाचा आग्रह, सिमेंट जास्त घाल. जास्त सिमेंटचा माल जास्त आकसतो, एवढं साधं गणित आहे. बाहेरच्या गिलाव्याला एकास सहा माल, दोन थर, आणि जमलं तर त्यात एक भाग चुना कालवला तर तो थापीखाली लोण्यासारखा पसरतो आणि कमी फुटतो. हे करणारा गवंडी आजही भेटतो. त्याला ते करू देणारा मालक भेटणं कठीण.

राहिला खर्च. चुन्याला आज पैसे जास्त लागतात आणि दिवसही, हे नाकारत नाही. पण हिशेब करताना एक रक्कम नेहमी गाळली जाते: उतरवण्याची. चुन्याचा गिलावा बिघडला तर खरवडून पुन्हा लावता येतो, खालचा चिरा जसाच्या तसा असतो. उद्या गावाला वाटलं की सिमेंटच बरं, तर चुन्यावरून सिमेंटकडे कधीही जाता येईल. सिमेंटवरून परत यायला मात्र चिरा मोजावा लागतो. जिथून परत येता येत नाही त्या वाटेवर सावकाश जावं, एवढा सावधपणा आपण एरवी जमिनीच्या खरेदीखतातसुद्धा दाखवतो. माली देशातल्या जेन्ने गावची मातीची प्रचंड मशीद अख्खं गाव मिळून दरवर्षी नव्यानं लिंपतं. तो त्यांचा उत्सवच आहे. पालखीला खांदा द्यायला मुंबईहून रात्रीची गाडी पकडून येणारी आमची पोरं वर्षाआड एक दिवस भिंतीला देणार नाहीत, असं मी तरी धरून चालत नाही. बैठकीत कोणी तसं विचारलं मात्र नाही.

माझ्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीवर आता काही नाही. फुटलेले चिरे बदलले, दरजा चुन्यानं भरल्या आणि गेला पावसाळा नुसत्या झापांच्या आडोशानं काढला. ओल गुडघ्यापर्यंत उतरली आहे. परसात खड्डा खणून त्यात विझवलेला चुना पाण्याखाली ठेवला आहे. वर फळी आणि फळीवर धोंडा, कारण शेजारचं वासरू मोकळं असतं. गवंडी सापडला तो सत्तरीचा. हातात थापी धरायला त्यानं सोबत नातवाला आणायचं कबूल केलं आहे, पण पाऊस गेल्याशिवाय भिंतीला हात लावणार नाही म्हणाला. देवळाची पुढची बैठक पाडव्याला आहे. जाताना खड्ड्यातला चुना नारळाच्या करवंटीत घेऊन जाईन म्हणतो.